रिकामी यादी : टीएसपीसोबतचे नऊ महिने

मे महिन्यातली गोष्ट. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी होती. रात्री साडेअकराला मी शिरपूरच्या मशीनवर एसएसएचने (दूरच्या मशीनला इथून हुकूम देण्याची सोय) शिरून टीएसपीच्या रांगेतल्या कामांची यादी पाहिली. रिकामी. म्हटलं, आटोपलं सगळं, आणि झोपलो. सकाळी नवरदेवाच्या काकांचा फोन, "भाऊ, पेनड्राइव्ह घ्यायला पोरगा पाठवू का?" पाठवा म्हणालो. तासाभराने फोल्डर उघडलं तर 27 पैकी 6 फायली तयार, सातवी अर्धवट, बाकीच्या 20 चा पत्ताच नाही. तोवर पोरगा मोटारसायकल लावून दुकानासमोर उभा.

हा अनुभव त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. चार ओळी शिव्यांच्या झाल्याही होत्या. लाइट गेली म्हणून राहिलं ते बरंच झालं, कारण नंतर निम्म्या शिव्या परत घ्याव्या लागल्या. निम्म्याच.

टास्क स्पूलर म्हणजे दिलेली कामं रांगेत लावून एकामागून एक चालवणारं हत्यार. डेबियन-उबंटू या लिनक्सांवर त्याचा हुकूम टीएसपी आहे, कारण टीएस हे नाव मोअरयूटिल्स या संचातल्या दुसऱ्याच एका हुकुमाकडे आहे. माझं काम लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग. मधूनअधून अहिराणी गाण्यांचे व्हिडिओही येतात. मी अमळनेरला, पण निम्मी गिऱ्हाइकं शिरपूर-शहाद्याकडची. तिकडच्या लग्नांची कार्डं मावसभावाच्या मोबाइलच्या दुकानात रिकामी होतात. एका लग्नाचं फुटेज दीडशे-दोनशे जीबी. ते नेटवरून आणायचं तर सत्यनारायण उरकून नवरी माहेरपणाला आली तरी निम्मंच आलेलं असायचं. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत साडेनऊ हजारांचा जुना आय-फाइव्ह कॉम्प्युटर ठेवला आणि त्यावर डेबियन टाकलं. एडिटिंगसाठी हलक्या कॉप्या तिथेच बनतात, रात्री आरसिंकने (फायली नेटवरून उतरवणारा हुकूम) इकडे येतात. फुटेज शिरपुरात, हुकूम अमळनेरातून. दुकानाच्या नेटला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, नाही, त्यामुळे दोन मशीन जोडून देणारं टेलस्केल मध्ये आहे. ते बसवलं आणि विसरलो, याहून मोठी तारीफ माझ्याकडे नाही.

टीएसपीच्या आधी दोन प्रयोग झाले. पहिला नोहप आणि शेवटी अँपरसँड, म्हणजे हुकूम पाठीमागे चालत सोडून द्यायचा. एसएसएच तुटलं तरी काम चालू राहतं हे खरं, पण नोहपला रांग कळत नाही. बारा फायलींचे हुकूम दिले, व्हिडिओ बदलणारे बाराही एफएफएमपेग एकदम उठले. मावसभावाचा फोन, "दादा, डबा इमानसारखा वाजी ऱ्हायना." म्हणजे विमानासारखा. दुसरा प्रयोग बॅच. ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या ॲटच्याच घरातला जुना हुकूम. डेबियनवर मशीनचा लोड, म्हणजे कामाचा भार, 1.5 च्या खाली आला की पुढचं काम सोडतो. कागदावर छान आहे. पण नुसत्या आवाजाच्या फायली बदलत असलो की एक काम एकच कोअर धरतं, लोड एकच्या आसपास राहतो, आणि बॅचला वाटतं मशीन मोकळं आहे. मग दुसरं सुटतं. शिवाय कामाचं आउटपुट ते मेलने पाठवतं, आणि त्या मशीनवर मेल बसवलेलंच नव्हतं. एरर कुठे गेल्या, देव जाणे.

मग नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू झाला तेव्हा, टीएसपी आलं. पहिले सहा महिने मी त्याच्या प्रेमात होतो. हुकुमाच्या पुढे टीएसपी लिहायचं, एंटर मारायचं, कॉम्प्युटर बंद करून जेवायला जायचं. शिकायचं काही नाहीच. नुसतं टीएसपी म्हटलं की यादी: कुठलं चालू, कुठलं रांगेत, कुठलं संपलं, कुठल्या एररवर संपलं. डॅश टी दिलं की चालू कामाचं आउटपुट समोर पळतं. डॅश यू दिलं की रांगेतलं काम पुढे येतं. नवरदेवाचे मामा तालुक्यात वजनदार असले की याचा उपयोग होतो. डॅश डी दिलं तर आधीचं काम नीट पार पडलं असेल तरच पुढचं चालतं.

एका वेळी एकच काम, हे त्याचं मूळ वागणं आहे. ते वाढवता येतं, कॅपिटल एस आणि आकडा. मी हावरटपणे 2 केलं. वेळ जवळपास तेवढाच लागला, कारण एक्स-264 ची एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून लहान करणं) आधीच चारही कोअर खात होती; दोन कामांनी एकाच ताटात हात घातला, एवढंच. एप्रिल-मेमध्ये 44-45 अंशांत, पत्र्याच्या खोलीत, हा शहाणपणा करू नये. परत 1 वर आलो.

एक त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होता, पण तो टीएसपीचा नव्हे, एसएसएचचा. पलीकडे जाताना सगळे शब्द एका ओळीत जोडून जातात आणि तिकडचं शेल ती ओळ पुन्हा नव्याने फोडतं. 'हळद 2' नावाची फाइल तिकडे 'हळद' आणि '2' अशा दोन फायली होऊन पोहोचते. अवतरणांवर अवतरणं चढवून पाहिली, शेवटी मावसभावाला सांगितलं, फाइलच्या नावात जागा सोडायची नाही. हा उपाय फुकट आहे.

आता त्या रात्रीकडे. झालं होतं असं, की नऊच्या सुमारास शिरपूरला वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, पावणेअकराला आली. बायोसमध्ये मीच सेटिंग करून ठेवलंय की वीज आली की मशीन आपोआप उठावं. ते उठलं. टीएसपीची रांग मात्र मेमरीत राहते, डिस्कवर नाही. वीज गेली की रांग गेली. नव्याने टीएसपी म्हटलं की ते बिचारं कोरी पाटी घेऊन येतं आणि मथळ्याची एक ओळ दाखवतं. मावसभावाला विचारलं तर म्हणाला, "दादा, लाइट गयी व्हती, आते उनी. मशीन चालू शे." चालू होतंच. कामाशिवाय चालू होतं.

मला यात सगळ्यात जास्त झोंबतं ते हे, की 'सगळं झालं' आणि 'सगळं गेलं' या दोन्हींचा चेहरा एकच. रिकामी यादी. आमच्याकडे कापूस खरेदीला ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. काटा बंद पडला म्हणून कोणी घरी जात नाही. ट्रॉल्या तिथेच, माणसं ट्रॉलीखाली झोपलेली. काटा सुरू झाला की जिथून थांबलं तिथून पुढे. त्याला रांग म्हणतात. लाइट गेली की विसरते ती कसली रांग? हे मी मावसभावाला, बायकोला आणि चहावाल्या आप्पांना सांगून झालंय. आप्पा म्हणाले, "मंग कागदवर लिखी ठेव ना." तेव्हा हसलो होतो.

इथून माझं मत फिरायला लागलं. जूनमध्ये काम कमी होतं म्हणून माझीच स्क्रिप्ट वाचायला घेतली. संपलेली कामं टीएसपी यादीतून काढत नाही. 'फिनिश्ड' म्हणून, एरर नंबरासकट, दाखवत राहतं. म्हणजे 27 कामं खरंच झाली असती तर 27 ओळी दिसायला हव्या होत्या. त्या मला कधीच दिसायच्या नाहीत, कारण रोज रात्री अकराला कॅपिटल सी चालवून संपलेली यादी पुसायची ओळ मीच टाकून ठेवली होती. स्वच्छता! त्यामुळे रिकाम्या यादीचा अर्थ 'आटोपलं' असा मनात बसला तो माझ्या हाताने.

आणि फेब्रुवारीतली दोन प्रकरणं, ज्यात 'टीएसपीने कामं गिळली' असं मी दोघातिघांना छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यात टीएसपीपर्यंत कामं पोहोचलीच नव्हती. मी फायलींची नावं एका टेक्स्ट फाइलीतून व्हाइल-रीडच्या फेऱ्यात, एकेक ओळ करून, वाचत होतो आणि फेऱ्याच्या आत एसएसएच होतं. एसएसएच स्वतःही तेच इनपुट वाचतं. पहिलं नाव फेऱ्याने घेतलं, उरलेली यादी एसएसएचने घशात घातली, फेरा एका कामावर संपला. एररही नाही. उपाय एका अक्षराचा: एसएसएचला डॅश एन. एफएफएमपेगलाही हीच खोड आहे, त्याला नो-एसटीडीइन सांगावं लागतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी एकालाच फोन करून खुलासा केला. बाकीच्यांना अजून केलेला नाही.

तर निम्म्या शिव्या परत. उरलेल्या निम्म्या कायम, कारण मेमरीतल्या रांगेचं दुखणं खरंच आहे. ज्या ॲटला मी म्हातारं म्हणून काढलं, त्याची कामं डिस्कवर फायली होऊन राहतात आणि मशीन बंद असताना वेळ टळली तर उठल्यावर होतात. जुनी खोडं!

सध्याची व्यवस्था आप्पांच्या सल्ल्याची आहे. कामं आधी शिरपूरच्या मशीनवर एका टेक्स्ट फाइलीत लिहिली जातात, मग टीएसपीला दिली जातात. मशीन उठलं की क्रॉनटॅबमधल्या (आपोआप चालायच्या हुकुमांची यादी) '@reboot' या ओळीने एक छोटी स्क्रिप्ट चालते. ज्या कामाची तयार फाइल दिसत नाही ते पुन्हा रांगेत. अर्धवट फायलींचं वेगळं पाहावं लागलं. ती सातवी फाइल 1.8 जीबीची, दिसायला धडधाकट, पण चालेना, कारण एमपी-फोरची अनुक्रमणिका एफएफएमपेग सगळ्यात शेवटी लिहितं. आता काम कच्च्या नावाने होतं आणि एफएफएमपेग नीट संपलं तरच एमव्ही या हुकुमाने पक्कं नाव मिळतं.

पहिल्याच चाचणीत या स्क्रिप्टने झालेलीच 19 कामं पुन्हा रांगेत घातली. बाहेरची हार्डडिस्क अजून माउंट झाली, म्हणजे मशीनला दिसायला लागली, नव्हती, मग तयार फायली दिसणार कुठून? आता आधी माउंटपॉइंट तपासते, डिस्क नसेल तर मिनिटभर थांबून परत बघते.

पुए नावाचं रस्ट भाषेत लिहिलेलं एक हत्यार यादी डिस्कवर ठेवतं, हे मला सांगायला येणाऱ्यांनो, घरच्या मशीनवर बसवून पाहिलंय. चांगलं आहे. पण चालू कामात मशीन पडलं तर उठल्यावर ते थांबून राहतं, 'सुरू कर' म्हणावं लागतं. रात्री पावणेअकराला ते कोण म्हणणार? नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावं; माझ्या स्क्रिप्टला आता चाळीसच ओळी झाल्यात आणि त्यांचे पैसे लागले नाहीत. मोठमोठ्या मशीनताफ्यांच्या रांगा सांभाळणारं स्लर्म कोणी सुचवलंच तर, दोन वाफ्यांना पाणी द्यायला हतनूरचं धरण बांधत नाहीत.

या महिन्यात शिरपूरची लाइट चार वेळा गेली. चारही वेळा रांग परत आली, आणि अकराची ती पुसायची ओळ मी काढून टाकलीय, त्यामुळे यादी आता लांबलचक दिसते. मावसभाऊ मात्र यूपीएसच्या बॅटरीमागे लागलाय. दुकानदार जुनी परत घेऊन 2,800 म्हणतो. बॅटरी टिकणार वीस मिनिटं, लाइट जाणार दोन तास. त्याला म्हटलं, 2,000 ला देत असेल तर विचार.