अडीचची वायर: खोक्यावर ठळक काय, बारीक काय

वायर एकदा पाईपात गेली, वर प्लास्टर चढलं, की तिच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. म्हणून हा रिव्ह्यू त्याआधीचा: खोकं, त्यावरचा मजकूर आणि सोललेलं टोक. माल म्हणजे २.५ स्क्वेअर एमएमची (म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ तेवढं) सिंगल कोअर तांब्याची वायर, ९० मीटरचं लाल बंडल, आणि एक्स्टेन्शन बोर्डासाठी घेतलेली तीन कोअरची गोल केबल. मी वायरिंगचीच कामं करतो, त्यामुळे सूर जरा खवचट लागला तर चालवून घ्या.

खोक्यावर सगळ्यात मोठी अक्षरं 'एफआर', म्हणजे फ्लेम रिटार्डंट, आग पसरू न देणारी. गिऱ्हाईक तेवढंच वाचतं आणि विचारतं, 'म्हणजे ही जळत नाही ना?' जळते की. एफआर पीव्हीसीचं काम एवढंच, की बाहेरची ज्योत बाजूला झाली की वायरीवरची आग पुढे पळत नाही, विझते. धूर मात्र होतोच, आणि पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. डोळे आणि घसा धरणारा. 'एफआर-एलएसएच'मध्ये (लो स्मोक, लो हॅलोजन) धूर आणि हा वायू कमी असतात. कमी, बरं का. नसतात असं नाही. हॅलोजन, म्हणजे क्लोरीनच्या जातीतली मूलद्रव्यं, नकोच असतील तर 'एचएफएफआर' किंवा 'एलएसझेडएच' (दोन्ही हॅलोजनमुक्त) बघायचं, त्यात पीव्हीसी नसतंच. बाहेर पडायला एकच बंदिस्त जिना असेल तिथं मी तीच घ्यायला लावतो. आणि एफआर आहे म्हणून जास्त लोड टाकता येतो, ही समजूत तर निव्वळ भाबडी. साध्या एफआर पीव्हीसीची मर्यादाही साध्या पीव्हीसीसारखीच, कंडक्टरला, म्हणजे आतल्या तांब्याला, ७० अंश सेल्सिअस.

दुसरं ठळक, '११०० व्होल्ट'. हा आकडा इन्सुलेशनचा, लोडशी त्याचा संबंध नाही. काही वायरींवर त्या जागी ४५०/७५० असतं: फेज ते अर्थ ४५०, फेज ते फेज ७५०. घरच्या कामाला दोन्ही भरपूर.

आता बारीक अक्षरं. इथं या कंपनीला मानलं पाहिजे, कारण 'क्लास ५' (बारीक तारांचा लवचिक कंडक्टर) आणि 'तारा ३६/०.३' दोन्ही स्वच्छ छापलंय. मी टोक सोलून मोजल्या, छत्तीस भरल्या. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या ३६ तारा म्हणजे २.५४ स्क्वेअर एमएम, हिशेब जुळतो. पण तारा मोजून खात्री होत नाही, तार ०.२८ची काढली तरी डोळ्याला कळत नाही. खरी कसोटी रेझिस्टन्सची. अडीचच्या क्लास ५ तांब्याला २० अंशांवर किलोमीटरमागे जास्तीत जास्त ७.९८ ओहम चालतात, म्हणजे पूर्ण बंडलाला ०.७२. खोली ३० अंशांवर असेल तर चारेक टक्के वाढवून धरा. बंडलाची दोन्ही टोकं मोकळी असतात, मीटर लावायचा, पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायचा. हे बंडल मर्यादेत बसलं. मीटर नसेल तर वजनकाटा: अडीचच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, वर पीव्हीसी वेगळं.

वजनाचं मुद्दाम सांगतोय. मध्यंतरी दुसऱ्या एका कंपनीचं बंडल हातात आलं, उचललं तेव्हाच हलकं लागलं. 'कॉपर' हा शब्द लांबून वाचता येईल एवढा आणि पुढे 'क्लॅड ॲल्युमिनियम' मुंगीएवढं, म्हणजे ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा थर. तारेवर ब्लेड घासलं की आत पांढरं. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं, तेव्हा तसली 'अडीचची' खरं तर दीडच्या लायकीची. परत केलं.

या खोक्यावर माझा राग आहे तो करंटच्या तक्त्यावर. अडीचसमोर एकच आकडा, आणि तो कुठल्या परिस्थितीतला याचा उल्लेख नाही. आयईसीच्या (विजेच्या सामानाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) तक्त्याप्रमाणे भिंतीवरच्या पाईपात एकच सर्किट आणि हवा ३० अंशांची असेल तर अडीचला २४ अँपिअर. हवा ४० अंशांची धरा, ०.८७ने गुणा, २१च्या आत आलो. त्याच पाईपात तीन सर्किटं कोंबा, आणखी ०.७ने गुणा, राहिले साडेचौदा. वायर तीच, तांबं तेवढंच. गीझर आणि एसी एकाच पाईपातून ओढणाऱ्यांनी हा गुणाकार खोक्यावरच वाचायला हवा होता.

गोल केबलला खोक्याची गरजच नाही, सगळं तिच्या अंगावर कोरलेलं. 'एच०५व्हीव्ही-एफ ३जी१.५': ०५ म्हणजे ३००/५०० व्होल्ट, दोन व्ही म्हणजे आतलं इन्सुलेशन आणि वरचं आवरण दोन्ही पीव्हीसीचं, एफ म्हणजे लवचिक, तीन कोअर, दीड स्क्वेअर एमएम. मधला 'जी' सगळ्यात मोलाचा: तीनातली एक हिरवी-पिवळी अर्थची. तिथं 'एक्स' असता तर हिरवी-पिवळी कोअर नसती, मग अर्थिंगच्या कामाला ती केबल धरायची नाही. ही मात्र भिंतीत गाडायची नाही, लवचिक आहे म्हणून पाईपाचा खर्च वाचवणारे असतात.

लाल वायरीवरही छपाई आहे, पण अंगठा दोनदा फिरवला की अर्धी अक्षरं बोटावर. दहा वर्षांनी कुणी बोर्ड उघडला तर त्याला जाडी कळायची कशी? जुने वायरमन अजून '७/२०' म्हणतात, म्हणजे २० गेजच्या सात तारा, आजची साधारण चारची. त्यांना निदान तारा मोजून अंदाज यायचा. बारीक तारांच्या वायरीत तेही जमत नाही. यासाठी एक गुण कापला, करंटच्या तक्त्यासाठी अर्धा. पाचपैकी साडेतीन. प्लगच्या सर्किटांना हीच वायर परत घेईन. बोर्डात शिरणाऱ्या प्रत्येक टोकाला जाडीची पट्टी मी स्वतः चिकटवतो.