चेतापेशी जाग्या करायच्या: उष्णतेने की लाल दिव्याने?

फळमाशीच्या आतड्यात चेतापेशी उद्दीपित करून मूळपेशींचं विभाजन वाढतं की घटतं हे पाहायचं असेल, तर पहिल्याच महिन्यात प्रश्न पडतो: ट्रिप-ए-वन (उष्णतेने उघडणारा आयन-चॅनेल) घ्यायचं की सीएस-क्रिमसन (लाल प्रकाशाने उघडणारा)?

ट्रिप-ए-वन स्वस्तात पडतं. माश्या कमी तापमानात वाढवायच्या, मग २९ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये हलवायच्या; चॅनेल उघडतो, चेतापेशी पेटते. वेगळं खाद्य नको, दिवे नकोत. चाळीस-पन्नास गॅल-फोर वाण (ठरावीक पेशींतच हवं ते जनुक चालू करणारे माश्यांचे वाण) चाळायचे असतील तर दुसरा विचारही करू नका.

पण आतड्याच्या कामात एक गोम आहे. उष्णता वाढली की माशीचा सगळाच कारभार वेग घेतो, मूळपेशींचाही. त्यात गॅल-एटी-टीएस (थंड तापमानात गॅल-फोरला रोखून धरणारं प्रथिन) वापरत असाल तर तोही २९ अंशांनाच बाजूला होतो. म्हणजे जनुक चालू होणं आणि चेतापेशी पेटणं एकाच बटणावर आलं. (मे महिन्यात लोडशेडिंग झालं की १८ अंशांचा इन्क्युबेटर काय करतो, ते वेगळं सांगायला नको.)

सीएस-क्रिमसनमध्ये ही दोन बटणं सुटी होतात. लाल प्रकाश माशीच्या कवचातून आत पोचतो आणि हवा तेव्हा बंद करता येतो. ही वेळेवरची पकड किती मोलाची आहे ते २०२३ च्या 'नेचर'मधल्या कामावरून कळतं. इजेनंतर आतडं पूर्वपदावर येत असताना काही चेतापेशींचं ॲसिटिलकोलीन (चेतापेशी सोडतात ते संदेशवाहक रसायन) थेट मूळपेशींना नव्हे, तर अन्न शोषणाऱ्या शोषक पेशींना मिळतं. त्यांच्यात कॅल्शियम वाढतं, गॅप जंक्शनमधून (दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटांमधून) शेजारी पसरतं, शोषक पेशी परिपक्व होतात आणि त्यानंतर विभाजन ओसरतं. म्हणजे तीच चेतापेशी इजेआधी पेटवली की नंतर, यावर उत्तर बदलू शकतं. चार दिवस सलग उष्णता देऊन हे कसं उलगडणार?

दिव्याचा त्रास खाद्यात आहे. सीएस-क्रिमसनला प्रकाश टिपण्यासाठी लागणारं रेटिनल त्यात मिसळावं लागतं, माश्या अंधारात ठेवाव्या लागतात, आणि ते रेटिनल जातं नेमकं आपण तपासत असलेल्या आतड्यातूनच. म्हणून रेटिनलसह पण गॅल-फोरविना, आणि रेटिनलविना नुसत्या द्रावकाचा, असे दोन्ही कंट्रोल हवेतच.

माझं मत विचाराल तर चाळणी उष्णतेने करा, प्रबंधात जाणारी आकृती दिव्याने. दोन्हीकडे फॉस्फो-हिस्टोन (विभाजन होत असलेल्या पेशींची खूण) मोजताना एकाच वयाच्या, समागम झालेल्या माद्याच घ्या. नरांच्या आतड्यात विभाजन मुळातच कमी असतं.