जुळे सोलापूर की कुंभारी: घर कुठे घ्यावं?

बजेट असेल तर जुळे सोलापूर, यात फारसा वाद नाही. आसरा चौक, विजापूर रोड, सैफुल हा सगळा भाग आता शहरच झालाय. बस चुकली तरी रिक्षा मिळते, सात रस्ता जवळ. जागेचे भाव मात्र विडी कामगाराच्या आवाक्याबाहेरचे.

शहराबाहेरच्या कुंभारी गावाचं गणित वेगळं. अक्कलकोट रोडच्या बाजूला आधी विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, मग ३०,००० घरांचं रे नगर. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला लोकांच्या ताब्यात आली. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांनी यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. भाड्याच्या एका खोलीत जन्म काढलेल्या बाईच्या नावावर घर होणं ही फार मोठी गोष्ट आहे, मला तरी याहून मोठी दुसरी कुठली वाटत नाही.

पण काम? पान-तंबाखू कारखान्यातून आणायचं, घरी विड्या वळायच्या आणि तयार माल परत नेऊन द्यायचा. यंत्रमागावरच्या माणसाची तर पाळी असते. रात्रपाळी सुटल्यावर बस नसेल तर रिक्षाचं भाडं हजेरीतूनच जाणार. म्हणून कुंभारीत घर घेताना हप्त्याइतकाच येण्या-जाण्याचा खर्च धरा. आणि महापालिकेने पाळ्यांच्या वेळा बघून बस सोडल्या पाहिजेत, पहाटेची आणि रात्रीची आधी.