भाड्याचा तंबू की घरचा? मुलांना घेऊन मुक्कामाला निघण्यापूर्वी

दिवाळी सरून पहाटेचा गारठा अंगाला जाणवू लागला, की पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला मुलांना घेऊन एखादी रात्र तंबूत काढावी, असे बेत अनेक घरांत आखले जातात. अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. एक, तंबू, गाद्या, जेवण असे सगळे तयार असलेल्या कॅम्पवर नाव नोंदवून केवळ कपड्यांच्या पिशव्या घेऊन जाणे. आणि दुसरा, तंबूपासून मिठाच्या डबीपर्यंत सगळे घरून नेणे. आम्ही पहिले दोन हिवाळे भाड्याच्या तंबूत काढले आणि गेले तीन हिवाळे आमच्या स्वतःच्या. सुरुवातीला मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा तीन वर्षांचा. दोन्ही मार्गांचे बरेवाईट अनुभवले असल्यामुळे, यंदा हाच निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

तयार कॅम्पची बाजू दुबळी आहे असे मुळीच नाही. घरातून निघण्याची तयारी अर्ध्या तासात होते, दुपारी चारच्या सुमारास पोहोचले की तंबू उभेच असतात, आणि समोर पाणी, मागे तुंग-तिकोना हे दृश्य पाहायला आईवडिलांनाही मोकळा वेळ मिळतो. लहान मुले बरोबर असताना सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दिवा आणि नळ असलेले स्वच्छतागृह, जे बऱ्याच ठिकाणी तंबूपासून शंभर पावलांच्या आत असते. जेवण मात्र आम्हाला दोन्ही वेळा साडेनऊनंतर मिळाले, तोवर धाकटा मांडीवर झोपून गेला होता. म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी मुलांपुरता दहीभात किंवा दशम्या सोबत ठेवाव्यात, एवढे सुचवतो. दहा वाजेपर्यंत स्पीकरवर गाणी चालू होती, तेही आम्ही निभावून नेले. या कारणांसाठी मी मार्ग बदलला नसता.

मार्ग बदलला तो दवामुळे. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरअखेरची गोष्ट. आभाळ निरभ्र होते, वारा पडलेला होता, आणि थंडी आत येऊ नये म्हणून आम्ही तंबूची चेन वरपासून खालपर्यंत घट्ट लावून झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमारास मुलीने मला हलवून विचारले, "बाबा, पाऊस पडतोय का?" तिच्या कपाळावर थेंब पडला होता. टॉर्च लावून वर पाहिले, तर तंबूच्या छताला आतल्या बाजूने मोहरीएवढे थेंब दाटीने लगडलेले होते, आणि कापडाला नुसता हात लागला तरी ते एकमेकांत मिसळून ओघळत होते. भिंतीकडेला झोपलेल्या मुलाचे पांघरूण खांद्यापासून पायांपर्यंत ओले झाले होते आणि त्याचे मोजे पिळण्याइतके भिजले होते. कॅम्पच्या माणसांनी तत्परतेने दुसरी दुलई दिली, परंतु तीही सर्द होती. उजाडेपर्यंतचे दोन तास आम्ही दोघा मुलांना आमच्या जर्किनांत घेऊन बसून काढले.

हा कुणाच्या व्यवस्थेतला हलगर्जीपणा नव्हता, हे मला नंतर समजले. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. निरभ्र रात्री तंबूचे वरचे कापड आपली उष्णता आकाशात सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, आणि आतली दमट हवा त्या गार कापडाला टेकली की तिच्यातले पाणी तिथेच जमते. त्यात धरणाच्या काठची हवा मुळातच ओलसर. कापडाचा थर एकच असेल, तर हे पाणी थेट अंथरुणावर गळते, आणि आम्ही पाहिलेले भाड्याचे तंबू बहुतेक एकाच थराचे होते. थंडीच्या भीतीने चेन पूर्ण बंद केली की ओल आणखी वाढते. म्हणजे मुलांच्या काळजीपोटी आपण जे करतो, त्यानेच मुले भिजतात.

त्यानंतर आम्ही दुहेरी आवरणाचा तंबू घेतला. त्यात आतला भाग पातळ, हवा खेळती राहील अशा कापडाचा असतो आणि बाहेरचे आवरण त्याच्यापासून चार बोटे अंतर राखून ताणलेले असते. दव याही तंबूवर पडतेच, पण ते बाहेरच्या आवरणावर जमते आणि त्याच्या कडेने जमिनीवर उतरते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: बाहेरचे आवरण खुंट्यांनी नीट ताणून बसवायचे, सैल राहू द्यायचे नाही, आणि वरच्या जाळीच्या खिडक्या कितीही थंडी वाटली तरी उघड्या ठेवायच्या. गेल्या तीन हिवाळ्यांत पांघरूण ओले झाले ते एकदाच, आणि त्या रात्री धाकट्याला खोकला होता म्हणून आम्हीच खिडकी बंद केली होती.

अंथरुणाच्या बाबतीतही घरचे सामान उजवे ठरते, असा माझा अनुभव आहे. तंबूतली थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, त्यामुळे अंगावर तीन पांघरुणे घेऊनही खालची गादी पातळ असेल तर मुले कुडकुडतात. आम्ही प्रत्येकाच्या खाली फोमची मॅट घालतो आणि त्यावर आजोळहून आलेली जुनी घोंगडी पसरतो. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब टिकवते, हे धनगरांच्या घरी कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. स्लीपिंग बॅग मोठ्यांना सोयीची वाटते. आमची मुले मात्र तिच्यात गुरफटून रडायला लागली, म्हणून त्यांना नेहमीची दुलईच नेतो.

आता दुसऱ्या पारड्यातले वजनही सांगायला हवे. स्वतःचे सामान न्यायचे म्हणजे आदल्या दिवशीची सगळी संध्याकाळ त्यात जाते, आणि छोट्या गाडीची डिकी भरून पायाशीही पिशव्या येतात. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, शेगडी, दोन पातेली, खिचडीचे तांदूळ-डाळ एकत्र करून बांधलेली पुडी, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, एवढ्यावर आमचे दोन वेळचे भागते. जागेचा प्रश्नही सुटलेला नसतो. भंडारदऱ्याच्या परिसराचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. आम्ही गावातल्या एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाच्या खळ्यात तंबू लावतो, त्यांना जागेचे पैसे देतो आणि रात्रीचे पिठलं-भाकरी त्यांच्याच घरी जेवतो. यामुळे स्वच्छतागृहाचा प्रश्नही मिटतो, आणि मुलांना चुलीपुढे बसायला मिळते.

सर्वांत कंटाळवाणे काम परतल्यावरचे. दवाने भिजलेला तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकला, तर आठवडाभरात त्याला बुरशीचा वास येऊ लागतो. तो बाल्कनीत पूर्ण उलगडून, शिवणीसुद्धा कोरड्या होईपर्यंत वाळवावा लागतो, आणि लहान घरात हे जिकिरीचे आहे. खर्चाचे म्हणाल तर तंबू, चार मॅट आणि शेगडी मिळून आमचे 16,000 रुपयांच्या आसपास गेले. कॅम्पवर चौघांच्या एका रात्रीला साधारण 4,000 लागले होते. वर्षातून दोनदा जाणाऱ्यांचा खर्च तिसऱ्या वर्षापासून वसूल होऊ लागतो, परंतु एकदाच जाऊन पाहायचे असेल त्यांना ही खरेदी मी सुचवणार नाही.

काही वस्तू मात्र दोन्हीकडे लागतात, आणि त्या तिथे मिळतील या भरवशावर राहू नये. प्रत्येक मुलासाठी डोक्याला बांधायची वेगळी टॉर्च, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड, आणि झोपताना घालायचा कपड्यांचा एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. औषधांत मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेतलेले तापाचे औषध आणि ओआरएस. बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत. तंबूची खालची चेन रात्री पूर्ण बंद असावी, वरची जाळी उघडी ठेवण्याशी याची गल्लत करू नये. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून मुलांना उघड्यावर सतरंजीवर झोपू देण्याचा मोह टाळावा. थंडी कितीही असली तरी पेटती शेगडी तंबूच्या आत आणू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

तान्हे मूल बरोबर असेल, सोबत आजी-आजोबा असतील किंवा ही पहिलीच वेळ असेल, तर तयार कॅम्प बरा, असे मी म्हणेन. मुले चार वर्षांच्या पुढची असतील आणि पुन्हा पुन्हा जाण्याची इच्छा असेल, तर माझे मत स्वतःच्या तंबूकडे झुकते. विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून आणून एक रात्र इमारतीच्या गच्चीवर झोपून पाहता आले तर उत्तम. मुलांना अंधारात चेन उघडता येते का, हे तिथेच कळते.

कॅम्पचे ठरलेच, तर नाव नोंदवण्याआधी फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: तंबूवर वेगळे बाहेरचे आवरण आहे का, गादी किती जाड आहे, आणि जास्तीच्या दुलया रात्री कुठे ठेवता. उत्तर "बाहेर मांडवात" असे आले, तर घरून दोन कोरडी पांघरुणे गाडीत टाकावीत आणि झोपायच्या वेळेपर्यंत ती गाडीतच ठेवावीत.