जबल मूसा: पायऱ्यांनी चढावं की उंटवाटेनं?

इजिप्तच्या सिनाईतल्या सेंट कॅथरीन या ख्रिस्ती मठापासून जबल मूसाच्या, म्हणजे मोशेला दहा आज्ञा मिळाल्या असं मानतात त्या डोंगराच्या, २,२८५ मीटर उंच माथ्यावर दोन वाटा जातात. उंटवाट एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा शासक अब्बास पाशाच्या काळात काढलेली, रुंद आणि वळणावळणाची. दुसरी ३,७५० पायऱ्यांची. एका भिक्षूनं प्रायश्चित्त म्हणून त्या रचल्या, अशी परंपरा आहे. शेवटच्या ७५० पायऱ्या दोन्ही वाटांना त्याच. वाटाड्या कुठूनही गेलात तरी लागतो. तो बहुतेक वेळा जबालिया टोळीचा असतो. मठाच्या राखणीसाठी सहाव्या शतकातल्या बायझंटाइन बादशहा जस्टिनियननं आणलेल्या लोकांचे हे वंशज, असं ते स्वतः सांगतात.

दम कमी असेल तर उंटवाट बरी, यात वाद नाही. चढ हळूहळू वाढतो, टपऱ्यांवर चहा मिळतो. बहुतेक जण सूर्योदयासाठी मध्यरात्रीनंतर इथूनच निघतात. मला नकोसे होतात ते उंट. त्यांचे तळवे गादीसारखे मऊ, त्यामुळे अंधारात मागून आलेला उंट खांद्याशी येईपर्यंत कळत नाही. वाट द्यायची तर डोंगराच्या अंगाला सरकावं, दरीच्या बाजूला कधीच नाही. हे दर थोड्या वेळानं करावं लागतं, आणि ‘उंट हवा का?’ ही विचारणाही सुटत नाही. सगळं लक्ष बॅटरीच्या उजेडात पावलांवर. एवढ्या प्राचीन डोंगरातून जाऊन डोंगरच दिसत नाही.

पायऱ्यांच्या वाटेवर तो दिसतो. दोन्ही बाजूंना लाल ग्रॅनाइटच्या भिंती, मग दगडी कमान. सहाव्या शतकात संत स्टीफन हे भिक्षू इथे बसून यात्रेकरूंची पापकबुली ऐकत आणि मगच वर सोडत, असं मानतात. त्यांचा सांगाडा वस्त्रांसह मठाच्या अस्थिगृहात आहे. पुढे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्या नावाचं खोरं लागतं. तिथे सुरूचं जुनं झाड आहे, छोटी प्रार्थनामंदिरं आहेत. उंटवाटेची माणसं वरच्या फाट्यावर मिळतात, त्यांचं हे खोरं बहुधा राहून जातं.

अडचणी आहेत. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, आणि ग्रॅनाइट झिजून पडलेला भरड मुरूम बुटाखाली घरंगळतो. हिवाळ्यात सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फ धरतो. रात्री ही वाट नकोच. उतरतानाही नको, गुडघे दुखावतात ते तेव्हा.

म्हणून सूर्यास्ताच्या साडेतीन तास आधी पायऱ्यांनी चढावं आणि उंटवाटेनं उतरावं. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी आणि वाऱ्यासाठी जाड जाकीट उन्हाळ्यातही घ्या. माथ्यावर १९३४ सालचं प्रार्थनामंदिर आणि छोटी मशीद शेजारी शेजारी आहेत. तिथे उजेडी अर्धा तास तरी मिळावा. मठ सकाळीच काही तास उघडतो, शुक्रवारी आणि रविवारी बहुधा बंद असतो. दुपारी चढणाऱ्याला तो त्याच सकाळी ताज्या डोळ्यांनी बघता येतो. रात्रभर चालून आलेल्यांना तिथल्या सहाव्या शतकातल्या मोझेइकसमोर उभं राहणंही जड जातं.