‘अजिबात हम नाही, सर’ : सेकंडहँड बेसच्या नादात गेलेले ४८,८५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. ४८,८५०. तीन वेळा, माझ्याच बोटाने पिन दाबून. घरी मी बावीस हजार सांगितले होते, त्यामुळे वरच्या २६,८५० रुपयांचं सुतक मला एकट्यालाच पाळावं लागलं.

मी चौदा वर्षं बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवतोय. नवशिका फसला असता तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

घाई का केली ते सांगतो. पावसाळ्यात माझ्या जुन्या बेसचा नेक, म्हणजे बोटं फिरतात तो लांब दांडा, पुढे वाकला. मी ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली सळई, आवळत गेलो, आवळत गेलो, आणि एका रविवारी तिचा नट नुसताच गरागरा फिरायला लागला. संपला विषय. नेकवरच्या बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) तारा एवढ्या उंच, की दोन गाण्यांत बोटं सोलून निघायची. तीन आठवड्यांत दोन कार्यक्रम ठरलेले. गिटारवाल्याची गिटार मोडली तर तो चार जणांकडून मागून आणतो. बेसवाल्याने कुणाकडे मागायचं? ओळखीत बेस असलेला एकच माणूस, आणि त्या दोन्ही तारखांना तो स्वतःच दुसरीकडे वाजवणार होता. तेवढ्यात आयोजकाने ते वाक्य टाकलंच : “नसेल जमत तर राहू द्या, कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस मारेल की.”

हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला माझी घाई कळेल. ज्याने ऐकलं नाही त्याने खुशाल हसावं.

जाहिरात अशी होती : फेंडर कंपनीचा जॅझ बेस, मेक्सिकोत बनलेला, २०१२ चा, सनबर्स्ट (मधे उजळ, कडेला गडद) रंगाचा, हार्ड केससकट, ५८,०००. बदली झाल्यामुळे विकणे आहे. घासाघीस करून ४६,५०० ला आणला आणि वर स्वतःवरच खूश झालो. पुढचा भाग तुम्हाला पाठ असेल. गोड बोलणं, दर वाक्याला ‘सर’, ‘संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक बघायला येतंय’, ‘तुम्ही कलाकार आहात म्हणून थांबलोय’. त्यात वेळ घालवत नाही.

मी काहीच तपासलं नाही असं मात्र कुणी म्हणू नका. हेडस्टॉकचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाचा, फोटो मागवला. नंबर एमएक्स१२ पासून सुरू होणारा, म्हणजे मेक्सिको, २०१२. बरोबर. नेटवर टाकून पाहिला, तिथेही २०१२ आलं. मी निर्धास्त झालो. आता कळतंय की नंबर खरा निघाला याचा अर्थ एवढाच, की तो नंबर जगातल्या कुठल्यातरी बेसवर आहे. तो बेस या माणसाच्या घरात आहे हे नंबर कसा सांगेल? तारांमध्ये एक कागदाचा चिटोरा खोचायला लावा, त्यावर आजची तारीख आणि तुमचं नाव, आणि मग फोटो मागा. दहा सेकंदांचं काम. मला सुचलं नाही.

व्हिडिओही मागवला. आला. फक्त हात दिसतात, चेहरा नाही. चारही तारा वाजवून दाखवल्या होत्या. आणि मी तो व्हिडिओ कशावर ऐकला? फोनच्या स्पीकरवर! बेसची खुली ई तार ४१ हर्ट्झला वाजते. फोनच्या त्या इवल्याशा स्पीकरमधून ती बाहेर पडतच नाही, वरचे स्वर ऐकून आपला मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणजे मी जे ऐकलं त्यातला अर्धा बेस माझ्याच डोक्यात वाजत होता. बेस विकत घेताना हेडफोन लावा हो. निदान हेडफोन.

तरीही हे सगळं मी स्वतःला माफ केलं असतं. जे माफ होत नाही ते पुढे आहे.

रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मी त्याला विचारलं, “हम किती येतो?” हम म्हणजे ॲम्पमधून सतत येणारी घूंऽऽ अशी घरघर. त्याचं उत्तर अजून फोनमध्ये आहे, रोज बघतो : “अजिबात हम नाही, सर. एक व्हॉल्यूम बंद केला तरी शांत.”

ज्यांच्याकडे जॅझ बेस आहे ते आत्ताच कपाळाला हात लावतील. त्यात दोन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारी एकेरी वेटोळी असतात, प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा. एकाचं वेटोळं आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हम एकमेकांत कापला जातो. एक जरा खाली घेतला की घूंऽऽ सुरू. हे आमचं रोजचं दुखणं आहे. रेकॉर्डिंगला गेलो की मी आधी दिव्यांचा डिमर बंद करायला लावतो, मग खुर्ची फिरवत फिरवत हम कमी होणारी दिशा शोधतो, लोक येड्यासारखे बघतात. चौदा वर्षं हे करणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगतो की एक व्हॉल्यूम बंद केला तरी शांत. आणि त्या माणसाला काय होतं? आनंद होतो!

शंका आली नाही असं नाही. आली. पण मीच तिची समजूत काढली, की याने नॉइजलेस, म्हणजे हम न करणारे, पिकअप टाकले असतील. म्हणजे त्याच्या थापेला लागणारं स्पष्टीकरण मी घरबसल्या फुकट पुरवलं. वर विचारलंही, “पिकअप बदललेत का?” तो म्हणाला, “नाही सर, सगळं ओरिजिनल.” ओरिजिनल आणि शांत, दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. त्या माणसाने आयुष्यात जॅझ बेस ॲम्पला लावलेला नाही, हे त्या दोन ओळींत लिहिलेलं होतं. मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही, कारण मला तो सनबर्स्ट हवा होता.

दहा मिनिटांत ५,००० टोकन पाठवले. तिसऱ्या दिवशी कुरियरची पावती आली, ती खरी होती, तपासली, आणि ४१,५०० पाठवले. त्याच संध्याकाळी ‘पॅकिंग आणि विम्याचे’ २,३५०, बेस हातात आल्यावर परत मिळणारे. परत मिळणार असतील तर घेतोस कशाला, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.

सहाव्या दिवशी खोकं आलं. हो, आलं. इथेच माझी केस नेहमीच्या फसवणुकीपेक्षा वाईट आहे. काहीच आलं नसतं तर बरं झालं असतं, का ते पुढे कळेल.

हार्ड केस नव्हती, पातळ कापडी बॅग होती. आत सनबर्स्ट बेस होता, हेडस्टॉकवर तेच नाव, मागे तोच नंबर. गळ्यात अडकवला आणि पहिल्या फ्रेटवर डावा हात ठेवला, तेव्हाच कळलं. जॅझ बेसचा नेक हेडस्टॉककडच्या टोकाला, तारा जिथून निघतात त्या नटपाशी, बारीक असतो, ३८ मिलिमीटरच्या आसपास. हा हातात काठीसारखा भरत होता. मोजला तर ४२. ॲम्पला लावला, तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असतानाही घूं, एक बंद केला तर आणखी मोठ्याने घूं. सगळ्यात बारीक, ‘जी’ सुराची तार नेकच्या कडेवरून घसरून खाली पडत होती. हेडस्टॉकवरच्या नावावर नख फिरवलं तर कोपरा उचलला गेला, स्टिकर होतं. स्क्रू काढून कंट्रोल प्लेट उघडली, आत व्हॉल्यूमच्या बटणांखालची पॉट्स खेळण्यातल्यासारखी चिमुकली आणि केसाएवढ्या वायरी. फोटो पुन्हा उघडले आणि सनबर्स्टखालच्या लाकडाच्या रेषा ताडून पाहिल्या. फोटोतल्या बेसच्या रेषा वेगळ्या, व्हिडिओतल्या वेगळ्या, माझ्या हातातल्या तिसऱ्याच. लाकडाच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन बेसच्या जुळत नाहीत. हे पैसे पाठवायच्या आधी बघायचं असतं, महाशय.

त्याला फोन लावला. दोन दिवस वाजला, मग बंद.

आता सरकारी आणि निमसरकारी सेवेची गोष्ट.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो तो पैसे गेल्या गेल्या, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येण्याची आशा असते. मी लाजेपोटी तीन दिवस कुणाशी बोललोच नाही आणि नवव्या दिवशी फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे तोवर कुठल्या कुठे गेले असणार. ही चूक माझी, ती कुणावर ढकलत नाही. लाज नंतर वाटून घ्या, आधी फोन करा.

बँक मात्र माझी चूक नाही. शाखेत गेलो तर तिथल्या बाईंनी आधी मला पिन कुणाला न सांगण्याबद्दल छापील पत्रक दिलं. मी म्हटलं, मी पिन कुणाला सांगितलेला नाही. त्या म्हणाल्या, “मग पैसे कसे गेले?” मी म्हटलं, मी पाठवले. त्या म्हणाल्या, “मग तक्रार कशाची?” अकरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं : व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला असल्याने बँक जबाबदार नाही. समोरचं खातं किमान तपासाल का, याला उत्तरच नाही. जाहिरातीच्या साइटने सांगितलं, आम्ही फक्त व्यासपीठ. कुरियरवाल्याने सांगितलं, पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांनी मागितली तरच देऊ. ठीक. गेलो पोलिसांकडे.

पहिल्या दिवशी ठाण्यात सांगितलं, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला गेलो. तिथे म्हणाले, वस्तू मिळालीय ना, मग हा सायबरचा विषय नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. या वेळी बेस खांद्याला लावून गेलो, पुरावा म्हणून. टेबलावर ठेवला. हवालदारांनी उलटसुलट करून पाहिला.

“गिटार तर आलीय की.”

“आली, पण ही ती नाही.”

“चारच तारा दिसतायत. गिटारला सहा असतात ना? दोन कमी पाठवल्या, अशी तक्रार आहे का?”

“नाही साहेब, बेसला चारच असतात.”

“मग बरोबर आलीय!”

मागच्या बाकावरचा एक माणूस हसला. तो स्वतः कुठल्यातरी मारामारीत आलेला होता.

मग वरचे साहेब आले. ते म्हणाले, माल खराब निघाला तर ते दिवाणी प्रकरण, ग्राहक न्यायालयात जा. मी म्हटलं, माल खराब नाही, नाव खोटं, नंबर चोरलेला, फोटो दुसऱ्याचे, ही ठरवून केलेली फसवणूक आहे. मग म्हणाले, विकणारा दुसऱ्या राज्यातला, तिकडे तक्रार करा. मी घरून वाचून गेलो होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. एवढं नम्रपणे म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले, “एवढा कायदा येतो तर वकील व्हायचं. गिटार कशाला वाजवता?”

शेवटी माझ्या अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळाला. गुन्हा नोंदवला नाही, फक्त अर्ज ‘प्राप्त’. तुम्ही गेलात तर हा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. त्याच कलमात सोय आहे, ठाण्याने नोंद नाकारली तर मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो. पाठवलाय, स्पीड पोस्टाने. पोच आलीय. उत्तर नाही. आणि संभाषणं पुसू नका, मी रागाच्या भरात अर्धी पुसली होती, त्यातच त्याचा एक आवाजी निरोप गेला.

कार्यक्रमांचं विचाराल तर, दोन्ही कार्यक्रमांत कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस मारला. आयोजक म्हणाले, काही फरक जाणवला नाही.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. तेच फोटो, नवा फोन नंबर, किंमत आता ५२,०००. आमच्या ड्रमरच्या फोनवरून विचारलं, “हम येतो का?”

चार मिनिटांत उत्तर आलं. अजिबात हम नाही, सर. एक व्हॉल्यूम बंद केला तरी शांत.

स्क्रीनशॉट छापून ठाण्यात गेलो. साहेब बंदोबस्ताला गेले होते. हवालदारांनी ओळखलं. “चार तारावाले ना? सोमवारी या.”