‘दयाळू’ आणि ‘दयाळा’: देवाविषयी बोलण्याच्या तीन वाटा

गेल्या श्रावणात माझ्या मित्राचे वडील वारले. त्याआधी दहा महिने अंथरुणावर होते. त्याच्या घरी संध्याकाळी दिवा लागला की करुणाष्टकं म्हणायची, ही लहानपणापासूनची रीत. आता तो ‘अनुदिनि अनुतापे तापलो रामराया’ एवढं म्हणतो आणि पुढच्या ‘परम दीनदयाळा’पाशी त्याचा आवाज अडतो. देव नाही असं त्याला वाटत नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे. दया म्हणजे काय हे आपण माणसांकडून शिकलो. तो शब्द देवाला लावला की त्यात काही अर्थ उरतो, की नुसता आवाज होतो?

असा प्रश्न पडलेल्या माणसापुढे तीन वाटा आहेत. तिन्ही जुन्या आहेत, तिन्हींवर मोठी माणसं चालून गेली आहेत. त्यातली कुठली धरायची हे ठरवायचं असेल, तर या एका शब्दाचं प्रत्येक वाट काय करते ते पाहावं.

पहिली वाट नकाराची. बृहदारण्यक उपनिषदात ‘नेति नेति’ आलं, म्हणजे असंही नव्हे, तसंही नव्हे. बाराव्या शतकात कॉर्डोव्हात जन्मलेला आणि पुढे इजिप्तमध्ये स्थिरावलेला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीज याच निष्कर्षाला आला. ‘देव जिवंत आहे’ याचा अर्थ इतकाच की तो निर्जीव नाही. मग ‘दयाळू’ म्हणजे क्रूर नव्हे, त्यापुढे शब्दाची धाव नाही.

आपल्याकडे हे सर्वांत बारकाईनं ‘अमृतानुभवा’त येतं. पाचव्या प्रकरणात ज्ञानदेव ब्रह्माला लावले जाणारे सत् (असणं), चित् (जाणीव), आनंद हे तिन्ही शब्द हातात घेतात. सोन्याची कांती, सोन्याचा कठीणपणा आणि सोनं ही तीन नावं, पण पेटीत ठेवायला सोनं एकच. तसंच इथे. विष दुसऱ्याला विष, स्वतःला नव्हे. तसं ब्रह्म स्वतःला ‘सत्’ म्हणून काही निराळं नसतं. हे शब्द असत्, जड आणि दुःख यांच्याकडून आपली नजर वळवतात आणि तिथे त्यांचं काम संपतं. सहाव्या प्रकरणाचं तर नावच ‘शब्दखंडन’. पण ते सुरू कसं होतं पाहा: ‘बाप उपेगी वस्तु शब्दु’. ज्याचं खंडन करायचं त्याचं आधी तोंडभरून कौतुक; अमूर्ताला दाखवणारा आरसाच तो, असं म्हणून. मला हे फार मोलाचं वाटतं. शब्दाची किंमत ठाऊक असलेल्या माणसानंच शब्द खाली ठेवावा.

ही वाट प्रामाणिक आहे. देवाला आपल्या मापानं शिवलेला अंगरखा ती घालू देत नाही. पण सुतकातल्या माणसाला ‘क्रूर नव्हे’ एवढं पुरतं का? माझ्या मित्राला नाही पुरलं.

दुसरी वाट साम्याची, आणि तिचा मोठा जाणकार म्हणजे इटलीचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस. तो 1274 साली वारला. आपल्या परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. अक्वायनस म्हणतो, एकच शब्द दोन ठिकाणी वापरला तर अर्थ अगदी तोच असेल किंवा अगदी वेगळा असेल, असे दोनच पर्याय नसतात. आपण ‘निरोगी माणूस’ म्हणतो आणि ‘निरोगी हवा’ही म्हणतो. हवेला काही प्रकृती नसते, तरी शब्द चुकलेला नसतो, कारण दोन्ही अर्थ एका नात्यानं बांधलेले आहेत. देवाच्या बाबतीत तो आणखी पुढे जातो. चांगुलपणाचा उगमच देव असेल, तर ‘चांगला’ हा शब्द मुळात त्याचा. आपण तो माणसांकडून आधी शिकलो, एवढंच. शब्द जे सुचवतो ते देवाला लागू पडतं, पण शब्दाची घडण माणसांच्या जगातली असल्यामुळे ती अपुरी पडते.

दुसऱ्याला समजावून सांगायचं असेल तर ही वाट सर्वांत कामाची. घरातलं मूल ‘देव चांगला म्हणजे कसा?’ असं विचारतं तेव्हा ‘नेति नेति’ म्हणून भागत नाही. आजीच्या मायेचंच उदाहरण द्यावं लागतं, आणि ‘त्याहून पुष्कळ जास्त’ असं जोडावं लागतं. धोकाही त्या ‘पुष्कळ जास्त’मध्येच आहे. अँटनी फ्ल्यू या इंग्रज तत्त्वज्ञानं 1950 साली त्यावर बोट ठेवलं. रानातल्या मोकळ्या जागेत फुलं दिसतात. एक जण म्हणतो, माळी येत असणार. पहारा ठेवला, माळी दिसला नाही. मग तो अदृश्य आहे. कुत्रे लावले, वास आला नाही. मग त्याला वासही नाही. शेवटी सोबती विचारतो: असा माळी आणि माळी नसणं, यात फरक काय उरला? काहीही घडलं तरी ‘दयाळू’ खरंच ठरणार असेल, तर तो शब्द काहीच सांगत नाही. ही टीका हलक्यात घेऊ नये.

तिसरी वाट मला व्याकरणातून दिसली. शाळेत आठव्या विभक्तीपाशी, संबोधनापाशी, आपण फारसे थांबत नाही. आता ज्ञानेश्वरीची पहिली ओवी म्हणून बघा: ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा’. वेदांनी ज्याचं प्रतिपादन केलं तो, आणि ज्याचा त्यालाच कळणारा तो. शब्दाचं सामर्थ्य आणि शब्दाची हद्द, दोन्ही एका दमात. आणि देवाची चारही नावं हाक मारणारी! गोव्यात राशोलला 1616 साली छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ उघडा: ‘वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था’. इंग्लंडहून आलेला हा जेझुइट पाद्री मराठीत लिहायला बसला तेव्हा तोही देवाविषयी काही सांगण्याआधी देवाला हाक मारतो. सव्वातीनशे वर्षांचं अंतर, धर्म वेगळा, आणि सुरुवात त्याच विभक्तीत.

‘देव दयाळू आहे’ हे विधान आहे, त्याला पुरावा मागता येतो. ‘दयाळा!’ ही हाक आहे. पण हाकेला पुराव्याची गरजच नाही म्हणून ती सोपी, असं मी म्हणणार नाही. निर्दयाला ‘दयाळा’ म्हणणं ही खुशामत झाली, म्हणजे हाकेच्या पोटातही विधान दडलेलं असतंच. फरक असा, की हाक मारणारा समोरच्याला त्याच्या नावाला बांधून घेऊ शकतो. नामदेवांनी तेच केलं: ‘पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा । पतितपावन न होसि म्हणुनी जातो माघारा’. फ्ल्यूला माझं उत्तर हे आहे. नामदेवांचा शब्द काहीही झालं तरी खरा ठरणारा नव्हे. तो पाळला गेला नाही तर भक्त दारातून परत फिरतो, आणि फिरताना तसं तोंडावर सांगतो. ज्या शब्दावरून इतकं भांडता येतं तो पोकळ कसा असेल?

म्हणून माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे, पण सगळ्यांना सरसकट नाही. कीर्तन करायचं, शिकवायचं, मुलांना सांगायचं असेल त्यानं अक्वायनसची युक्ती शिकून घ्यावी. हाकेतलं दडलेलं विधान उलगडायलाही तीच लागते. आणि ‘नेति’ कुणीच सोडू नये. ज्यांच्या घरात आई-बापच कठोर होते त्यांना ‘माउली’ किंवा ‘देवा बापा’ हे शब्द टोचतात. ‘तशी आई नव्हे, तसा बाप नव्हे’ हे आधी म्हणता आलं तरच त्यांच्यासाठी ते शब्द मोकळे होतात. मात्र ज्याच्या घरातून नुकतंच कुणी गेलं आहे, त्याच्या हातात ‘अमृतानुभव’ देऊ नये, निदान त्या वर्षी तरी. ते निवांत मनाचं वाचन आहे.

मित्राला मी एवढंच दाखवलं, की तो जिथे अडतो तिथे समर्थांनी ‘दीनदयाळू’ लिहिलेलं नाही, ‘दीनदयाळा’ लिहिलं आहे. तापलेल्या माणसाची ती हाक आहे, देवाला दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे. तो बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, आज हा शब्द रागानं म्हटला तर चालेल का? मी त्याला नामदेवांच्या त्या दोन ओळी लिहून दिल्या.